मेलेल्या मंदाच्या हातचा चहा

मी मेले तेव्हा दहावीत होते. तब्येत ठणठणीत होती, गणितात काठावर पास होण्याइतकी अक्कल होती, आणि त्या दिवशी सकाळी आईने केलेला पाटोडीचा रस्सा मी दोनदा वाढून घेतला होता. दुपारी नागपूरहून पुठ्ठ्याचं एक खोकं आलं. त्यात बाबांच्या गाण्यांच्या कॅसेटी होत्या, आणि प्रत्येक कॅसेटीवर माझा फोटो होता. चौथीतला, दोन वेण्या वर बांधलेला, डोळे वटारलेला. त्या फोटोला झेंडूचा हार घातलेला होता. खरा नव्हे, छापताना वरून चिकटवलेला, पण हार तो हारच. आपल्याकडे हार कोणाच्या फोटोला असतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. आईने खोकं उघडलं, एक कॅसेट उचलून पाहिली, आणि जागच्या जागी मटकन बसली. मग उठून आधी माझी दृष्ट काढली आणि नंतर बाबांना जे बोलली ते इथे लिहिता येत नाही.

आमचं घर आर्वीजवळच्या रोहण्यात. बाबा तिथल्याच एका कापडाच्या दुकानात नोकरीला होते. दिवसभर लोखंडी मीटरने कापड मापायचं आणि मापता मापता ओठांतल्या ओठांत शब्द जुळवत राहायचं. गाणं जुळत आलं की माप चुकायचं, आणि शेठजी गादीवरूनच हाका मारायचे. पण गाव त्यांना शाहीर म्हणत असे. गाणी त्यांची स्वतःची, चाली स्वतःच्या, खंजिरी स्वतः वाजवायचे. सोबत पेटीवर वामनकाका, ज्यांना बाबांचं सगळं पटत असे, आणि हीच त्यांची पेटी वाजवण्यापेक्षा मोठी कला होती. सकाळी बाबा खंजिरीचं कातडं शेकायला चुलीपाशी बसायचे आणि आईची भाकर खोळंबायची. "तुमची खंजिरी खाऊनच जा दुकानात," असं ती रोज म्हणायची. कातडं तापलं की टण्ण असा आवाज निघायचा, आणि मग आईलाच सर्वांत आधी कळायचं की आज आवाज बरा लागला आहे. तोंडाने कबूल करत नसे एवढंच.

तर ते गाणं. कुठल्याशा गावात साप चावून गेलेल्या एका पोरीची हकीकत बाबांनी दुकानात गिऱ्हाइकाकडून ऐकली होती. त्यावर त्यांनी गाणं केलं. पोरगी गेली आहे, बाप ताट वाढून बसला आहे, आणि तिला जेवायला हाका मारतो आहे. 'मंदे, ताट वाढलं, पाट मांडला, मंदे, तुहा घास माह्या हातून सांडला.' आता त्या पोरीचं नाव मंदा नव्हतं. पण खंजिरीच्या ठेक्यात दोन अक्षरी नाव पाहिजे होतं, आणि घरात एक तयार होतं, ते यांनी उचललं. आई तेव्हाच म्हणाली होती की जित्या लेकराचं नाव असं घेऊ नये. बाबा म्हणाले, गाणं आहे ते, त्याला काय होतं. पुढे नागपूरच्या कॅसेटवाल्याने मंदाचा फोटो मागितला. यांनी खुशाल माझा दिला. फोटो छापणाऱ्या माणसाने गाणं ऐकलं, त्याला रडू आलं, आणि त्याने मनापासून हार घातला. त्या बिचाऱ्याला मी कधीच दोष दिला नाही. बाबा मात्र तासभर तोंड पाडून बसले आणि मग खोक्यातली एक कॅसेट हातात घेऊन म्हणाले, छपाई मात्र सुरेख आहे.

कॅसेट चालली. चालली म्हणजे काय, वणवाच. लग्नाच्या मांडवात वाजायची, जिथे खरं म्हणजे वाजू नये. आर्वीला कॉलेजला जायचं तर काळीपिवळी जीपमध्ये वाजायची, आणि चौदा माणसं कोंबलेल्या त्या जीपमध्ये माझ्या मांडीवर कोणाचं तरी पोरगं, पायावर कोणाची तरी मेथीची जुडी, आणि समोरची बाई पदर तोंडाला लावून माझ्यासाठी रडते आहे. मी एकदा म्हटलं, मावशी, ती मंदा म्हणजे मीच. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढच्या फाट्याला उतरून उरलेला रस्ता पायी गेले.

आणि मग लोक घरी येऊ लागले. रविवारी सकाळपासूनच. कोणी सायकलवर, कोणी बैलबंडीत, एकदा तर अख्खा ट्रॅक्टर भरून. बाबांना भेटायचं, पाया पडायचं, आणि बायकांनी आत येऊन आईच्या गळ्यात पडायचं. पोरगी कशाने गेली, काही सांगत होती का, शेवटी काय खायला मागितलं. आई सुरुवातीला खरं सांगायची. "गेली नाई बाई. थे पाह्य, चहा घेऊन उभी हाय." बाया माझ्याकडे पाहायच्या, मग एकमेकींकडे पाहायच्या, आणि एखादी हळूच म्हणायची की माउलीच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, धाकलीलाच मंदा समजते. बस. मी धाकटी झाले. माझ्या चहाला चव आहे म्हणायचे, थोरलीही अशीच कामसू होती का विचारायचे, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून जायचे. आमची रेशनची साखर महिनाअखेरपर्यंत कधी पुरली नाही. मी मेल्याचा खर्च माझ्याच घरच्यांनी केला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की पाहुणे आले की बाबा मला 'बेबी' म्हणतात. जन्मात कधी म्हटलं नव्हतं. मी जाब विचारला तेव्हा त्यांनी खंजिरीच्या चकत्या पुसत पुसत उत्तर दिलं. "लोकाईले वाटते ह्या माणसानं आपलं सोताचं दुःख आणून आपल्यापुढे ठेवलं. मून ते रडते. खोटं हाय असं समजलं त कोन रडन वं?" म्हणजे मी जिवंत असणं हे खोटं ठरलं. हे ऐकून मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही, कारण ते नवीन गाणं जुळवत होते.

अलीकडेच माझ्या भाचीने ते गाणं मोबाईलवर काढून दाखवलं. कोणीतरी टाकलंय, हारवाल्या फोटोसकट. खाली लोकांनी लिहिलंय, भावपूर्ण श्रद्धांजली मंदाताई. एकाने लिहिलंय, आज सकाळपासून तीनदा ऐकलं, जेवण गेलं नाही. मी भाचीला म्हटलं, त्याला लिही की जेव बाबा, मी आत्ताच जेवले. तिने लिहिलं. त्यावर चाळीस जणांनी तिला शिव्या दिल्या की मेलेल्या माणसाची थट्टा करते म्हणून. भक्तांची जात बदललेली नाही, हे पाहून बरं वाटलं असं म्हणणार होते, पण नाही वाटलं.

मी बी.ए.ला असताना कारंज्याहून स्थळ आलं. कारंजा घाडगे, हायवेवर त्यांचा स्वतःचा ढाबा. मुलगा सुधाकर, शांत, मिशी नुकती राखलेला. त्याने मला एकच प्रश्न विचारला, की तुम्हाला लाकूडफाट्याच्या धुराचा त्रास होतो का. मी म्हटलं, जन्मापासून चुलीपाशीच आहे. त्यावर तो हसला आणि मला तो आवडला, हे आता लिहायला हरकत नाही. सगळं जुळलं. पोहे झाले, आलूबोंडे झाले, आणि मग त्याच्या आईने, म्हणजे पुढे ज्या माझ्या सासूबाई झाल्या त्यांनी, बशी खाली ठेवून मुद्द्याचं काढलं. "पोरगी पसंत हाय. पन नाव बदला लागन. आमच्या ढाब्यावर दिवसातून दहा खेपा ते गानं वाजते. इकडे डरायव्हर लोक डोळे पुसून राह्यले आन् तिकडे मी सुनेले, मंदे, पोया लाट, अशी हाक मारू का? मेल्या पोरीचं नाव घरात नाई घेनार मी." लग्नात सुनेचं नाव बदलायची चाल आहेच, तांदळाच्या ताटात नवऱ्याने अंगठीने लिहायचं. नाव त्यांनी ठरवूनही आणलं होतं. अश्विनी.

बाबांना इतका आनंद झाला की विचारू नका. त्यांच्या दृष्टीने सगळाच गुंता सुटत होता. गाण्यातली मंदा गाण्यात राहील, घरातली मंदा अश्विनी होऊन कारंज्याला जाईल, कोणाला काही विचारायला जागाच उरणार नाही. वामनकाकांनाही हे लगेच पटलं. आणि माझं टाळकं सटकलं. अरे, नाव माझं आहे की नाही? बारशाला आत्याने कानात सांगितलेलं, शाळेच्या दाखल्यावर लिहिलेलं, आजोबांनी अंगणात बसून हाका मारलेलं. ते यांनी ठेक्यात बसतं म्हणून उचललं, वर हार घातला, आणि आता मीच ते सोडून जायचं. मी पाहुण्यांसमोर काही बोलले नाही. ते गेल्यावर बोलले. मी सांगितलं, लग्नाला माझी ना नाही, मुलगा मला पसंत आहे, पण मी मंदा म्हणूनच जाईन. आणि तुम्ही स्टेजवरून एकदा, फक्त एकदा सांगायचं की मंदा जिवंत आहे, हे नुसतं गाणं आहे. मग कारंज्याच्या लोकांचीही भीती जाईल. तेव्हा आई चुलीपुढून म्हणाली, "पोरीचं बरोबर हाय. सांगान नाई त पुढच्या रविवारी चहा तुमीच ठेवजा." बाबा म्हणाले, आंजीला काल्याचा कार्यक्रम आहे, तिथे सांगतो. शपथ घेऊन म्हणाले.

आंजी मोठी या गावचा तो हरिनाम सप्ताह. काल्याच्या दिवशी दुपारी पंगती उठल्या, वांग्याची भाजी, पोळ्या, बुंदी, आणि ऊन कलायच्या आत देवळासमोरच्या मैदानात कार्यक्रम. मी आणि आई बायकांत बसलो, अगदी पुढे. त्या आधी मला कार्यक्रमाला न्यायचेच नाहीत, त्यामुळे बाबांचे श्रोते मी असे एकगठ्ठा पहिल्यांदाच पाहत होते. काय सांगू. बाबांनी आधी पाच गाणी म्हटली. नवी होती, चांगली होती. एक पाण्याच्या टँकरवर होतं, ते तर मला वाटतं त्यांचं सर्वांत शहाणं गाणं. कोणी ऐकेल तर शपथ. बायका कोणाच्या पोळ्या कच्च्या होत्या ते बोलत होत्या, पुरुष तंबाखू मळत होते, पोरं बुंदीचे दाणे एकमेकांवर फेकत होती. आणि दर गाण्यानंतर चिठ्ठ्या. वामनकाका एकेक चिठ्ठी उघडायचे, सगळ्यांवर एकच: मंदाचं गाणं. माझ्या शेजारच्या म्हातारीने तर आधीच नाकाला लावायला फडकं काढून मांडीवर घडी करून ठेवलं होतं. तिने मलाही विचारलं, तुले हाय का पोरी, नाईतर हे अर्धं घे.

मग बाबांनी खंजिरी छातीशी धरली, आणि मैदान असं गप्प झालं की देवळामागची बकरी ओरडली ती ऐकू आली. पुरुषांनी टोप्या काढल्या. 'मंदे' असा पहिला सूर लागला आणि बायकांची अख्खी रांग हलली. काहीजणी तर अशा रडत होत्या, की शेजारणीपेक्षा आपलं कमी पडू नये. पण सगळ्याच तशा नव्हत्या, हेही लिहिलं पाहिजे. ती म्हातारी मुळीच आवाज करत नव्हती. नुसतं पाणी वाहत होतं आणि ती ओठांनी दुसरंच कुठलं तरी नाव घेत होती. तिच्याकडे पाहून क्षणभर माझा राग ढिला पडला. मी स्वतःला समजावलं, म्हणू दे यांना पूर्ण. मग ते सांगतील.

गाणं संपलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी घसा खाकरला, माइक जवळ घेतला, आणि तेवढ्यात मागून आरोळी उठली, वन्स मोर. बाबांची मान खाली गेली. आणि त्यांनी पुन्हा तेच गाणं उचललं. मेल्या, मी मनात म्हटलं, आणि सख्ख्या बापाला म्हटलं. आईने माझा हात धरला होता, तो मी सोडवला, उठले, आणि दुसऱ्या कडव्याच्या ऐन मध्यावर स्टेजपुढे जाऊन उभी राहिले. केस सकाळी न्हाल्यामुळे मोकळे होते. रागाने अंग थरथरत होतं. मी ओरडून म्हटलं, "मी मंदा हाय. हा माहा बाप हाय. मी जिती हाय."

खंजिरी थांबली. मला वाटलं, झालं, आता कळलं सगळ्यांना. मग मागून एका बाईने हात जोडून मोठ्याने म्हटलं, "आंगात आली वं माय. मंदा आली."

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? मी म्हटलं, अहो, अंगात बिंगात काही नाही, मी खरीच मंदा आहे. त्या म्हणाल्या, हो माय, तूच आहेस. मी म्हटलं, मी मेलेच नाही. त्या म्हणाल्या, तुला कळलं नसेल बाई, लहान होतीस. कोणी माझ्या कपाळाला कुंकवाचा मळवट भरला, कोणी पायांवर तांब्याभर पाणी ओतलं, देवळातून नारळ आला, माझ्या ओटीत तांदूळ पडले. जितकी मी ओरडत होते तितका त्यांचा विश्वास पक्का होत होता, आणि माझं थरथरणं पाहून तर पुरावाच मिळाला होता. आई गर्दीत अडकली होती, आणि ती 'माही पोरगी हाय' म्हणत होती, त्यावर बाया तिलाच धरून रडत होत्या. शेवटी एका वयस्क माणसाने स्टेजकडे पाहून सांगितलं की शाहीर, लेक भेटायला आली आहे, बोल तिच्याशी.

बाबा खाली उतरले. माझ्या समोर उभे राहिले. एक वाक्य पुरे होतं. ही माझी मुलगी, जिवंत आहे, बी.ए.ला आहे. मी त्यांच्या डोळ्यांत पाहत होते आणि ते वाक्य त्यांच्या तोंडात आलेलं मला दिसत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या सगळ्या ओल्या चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि हात जोडून मला विचारलं, "काय पायजे मंदे तुले? सांग."

माझ्या बापाने मला चार गावांसमोर भूत करून टाकलं. रडू आलं, आणि रडता रडता जे खरं होतं तेच तोंडातून निघालं. "मले माहं नाव पायजे. माहं नाव कोनी घेऊ नोका." ती म्हातारी पुढे आली, तिने माझ्या पायांना हात लावला, आणि म्हणाली, नाही घेणार माय, कोणी नाही घेणार, तुझं आहे ते.

परत येताना जीपमध्ये वामनकाकांनी दोनदा काहीतरी पटवून घ्यायचा प्रयत्न केला, पण समोर पटण्यासारखं काही नव्हतं. रोहण्याच्या अलीकडे बाबा खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "जित्या पोरीचं कोन आयकते वं? मून तसं इचारलं." ती हुशारी होती की भित्रेपणाला मागाहून लावलेलं ठिगळ, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. ते जाऊन आता किती वर्षं झाली. कधी वाटतं, त्यांनी माझ्यासाठी तेवढ्यात काहीतरी शोधून काढलं. कधी वाटतं, त्यांना फक्त पुढचा कार्यक्रम वाचवायचा होता. बहुतेक दोन्ही, आणि म्हणूनच जास्त चीड येते.

आंजीची बातमी आमच्या आधी कारंज्याला पोचली. ढाब्यावर थांबणाऱ्या ट्रकवाल्यांनी ती मीठमिरची लावून पोचवली, की मंदा पोरीच्या अंगात आली, आपलं नाव मागत होती, कोणी हात लावाल तर याद राखा म्हणाली. कारंज्याहून निरोप आला. मी समजले, मोडलं. लग्न मोडलं नव्हतं. सासूबाईंनी एवढंच कळवलं होतं की पोरीचं नाव बदलायचं नाही, मंदा ज्या नावासाठी अंगात येते ते पुसायची आपली छाती नाही.

लग्नाच्या दिवशी तांदळाचं ताट समोर आलं. सुधाकरने अंगठीने हळूहळू 'मंदा' लिहिलं. जिवंत होते तेव्हा मी हेच मागितलं होतं, तेव्हा बाबांची नुसती शपथ मिळाली होती. सासूबाई वाकून अक्षरं पाहत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि भक्तिभावाने हात जोडले. मला नव्हे. ताटाला.